मुक्तागिरी चढेस्तोवर आंबा नाही

भादव्यात आंबा सोडायला काय लागतं? हंगाम केव्हाच उलटलेला असतो, हातगाड्यांवर सीताफळं दिसायला लागलेली असतात. अशा दिवसांत आंबा सोडला म्हणणं म्हणजे टकल्यानं कंगवा सोडला म्हणण्यासारखं आहे. निदान त्या सकाळी मला तरी तसंच वाटलं, आणि मला एखादी गोष्ट वाटली की मी ती बोलून मोकळी होते. विचार मागून सावकाश येतो.

मी अमरावतीला मुलींच्या एका शाळेत खेळ शिकवायचे. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण शिट्टी अजून पर्समध्ये असते आणि रस्त्यात आडव्या घुसणाऱ्या गाडीवाल्यांवर ती वापरायला मी मागेपुढे पाहत नाही. राजापेठेत आमची जुनी इमारत आहे, बिनलिफ्टची. खाली ट्यूशन क्लास, दुसऱ्या मजल्यावर मी, तिसऱ्यावर माझी मैत्रीण. शाळेत एका बाकावर बसायचो तेव्हापासूनची. ती जैन, मी नांदगाव खंडेश्वरकडच्या शेतकऱ्याची मुलगी. ती सूर्य मावळायच्या आत जेवून मोकळी होते आणि मी बातम्या बघत कांदा घातलेलं भरीत खात बसते. एवढं सोडलं तर आमचं कधी बिनसलं नाही. दोघींचे नवरे गेले. मला मूलबाळ नाही, तिचा एकुलता एक मुलगा पुण्यात असतो.

त्या वर्षी चातुर्मासात जैन मंदिरात एक माताजी, म्हणजे दीक्षा घेतलेल्या साध्वी, मुक्कामाला होत्या. मैत्रिणीचे दोन्ही गुडघे तेव्हा कामातून गेलेले, त्यामुळे तिला स्कूटरवर नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे होतं. एरवी मी बाहेरच थांबायचे. जैनांच्या दशलक्षण पर्वाच्या शेवटच्या दिवशी ऊन फार होतं म्हणून आत जाऊन पंख्याखाली बसले, आणि तिथेच फसले.

प्रवचन संपल्यावर माताजी एकेकीला विचारायला लागल्या, काय नियम घेणार? जैनांमध्ये ही रीत आहे. एखादी गोष्ट ठरावीक काळापर्यंत, किंवा मनातली इच्छा पुरी होईपर्यंत सोडायची आणि ते गुरूंच्या पुढे बोलून दाखवायचं. एकदा बोललं की बोललं. कुणी मालिका सोडल्या, कुणी हॉटेल सोडलं. माझी मैत्रीण हात जोडून म्हणाली, "स्वतःच्या पायानं मुक्तागिरी चढेस्तोवर आंबा नाही." मुक्तागिरी म्हणजे परतवाड्याच्या पुढचा जैनांच्या तीर्थाचा डोंगर. माताजींनी आशीर्वाद दिला आणि त्यांची नजर माझ्यावर आली. "और आप?"

माझी स्कूटर बाहेर कुणाच्या तरी फाटकापुढे आडवी लावलेली होती, आणि तो माणूस हॉर्न वाजवत होता. मी उठता उठता म्हटलं, "हिचा तोच माझा." माताजी हसल्या. बायकांनी जयजयकार केला. एवढं कौतुक मला निवृत्तीच्या समारंभातही मिळालं नव्हतं.

बाहेर आल्यावर मैत्रिणीनं विचारलं, "तुले समजलं का वं, तू काय बोलून बसली थे?"

"समजलं. आंबा नाई खायचा. भादव्यात आंबा खाते कोण?"

"अन् लोणचं?"

मी स्कूटरला किल्ली लावत होते, ती तशीच राहिली. घरी दोन बरण्या भरून लोणचं होतं. आषाढात घातलेलं, आत्ता कुठे मुरायला आलेलं.

"लोणचं कसं मोजतं त्यात?" मी म्हटलं.

"आंबा म्हणजे आंबा. लोणचं, पन्हं, आमचूर, आंबापोळी, सारंच आलं."

"मंग तुहंबी गेलं नं लोणचं!"

"म्या तं कधीचंच सोडलं. बरणीतलं महिनोन् महिने ठेवलेलं आमी नाई खात."

म्हणजे आम्ही दोघींनी सारखाच नियम घेतला होता आणि शिक्षा मला एकटीला झाली होती. वऱ्हाडातल्या बाईला लोणच्यावाचून जेवायला लावणं काय असतं, ते वऱ्हाडातल्याच बाईला विचारा. मी जैन नाही, घरी कुणी बघणारंही नव्हतं, चमचाभर खाल्लं असतं तर आकाश कोसळलं नसतं. पण शिट्टी वाजायच्या आत पाय उचललेल्या किती मुलींना मी आयुष्यभर रेषेवर परत पाठवलं! मला कसं चालावं? दोन्ही बरण्या मी भावाकडे गावी पाठवून दिल्या.

एक पळवाट होती, आणि ती तिनंच दाखवली. "तुहे पाय धड हायेत. उद्याच जा, चढून ये, अन् खा आपलं लोणचं."

हे ऐकून मला राग आला. मुक्तागिरीची चढण माझ्यासाठी सकाळचा फेरफटका होता, हे खरं. पण मी वर जाऊन यावं आणि हिनं गुडघ्याला तेल चोळत खाली बसावं, असा नियम मी घेतला नव्हता. मी सांगितलं, "जाऊ तं दोघी जाऊ. नाई तं मीबी नाई."

दिवाळीनंतर तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. मुलगा आला, महिनाभर राहिला, आणि जाताना ठरवूनच गेला की अक्षय्य तृतीया झाली की आईला कायमचं पुण्याला न्यायचं. त्याचं चुकत होतं असं नाही. तिथे लिफ्ट होती, सून होती, दवाखाना जवळ होता. इथे तिसरा मजला आणि खालच्या मजल्यावर एक रागीट मैत्रीण. तिनंही हो म्हटलं. तिची एकच अट होती, आधी मुक्तागिरी.

एका संध्याकाळी तिनं मला ते नीट सांगितलं. "म्या चढून गेली, तं पुण्याले माणूस म्हणून जाईन. नाई चढली, तं पेशंट म्हणून नेतीन. मंग मले कोनी गेटाबाहेर सोडनार नाई बाप्पा. पोरगा चांगला हाय म्हणूनच सोडनार नाई."

तिचं हे असं होतं. माझं मी कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्या इमारतीतून मुलांकडे राहायला गेलेलं एकही माणूस परत आलेलं मी पाहिलेलं नाही. आधी दाराला कुलूप लागतं, मग भाडेकरू येतात, मग दिवाळीचा फोन, आणि मग तोही बंद. ती गेली की वरचा मजला गेला, हे मला स्वच्छ दिसत होतं. त्याचा मला राग यायचा, आणि राग आला की मी तिच्याकडून जिना एकदा जास्त चढून घ्यायचे.

हो, जिना. आमचं मैदान तेच होतं. व्यायाम शिकवायला यायची ती मुलगी सांगायची, काकू, कठडा धरून चढा. ती गेली की मी सांगायचे, कठड्याला हात लावू नको. कठडा धरला की पाय आळशी होतो. आधी एक मजला, मग दोन, मग गच्चीपर्यंत. क्लासची पोरं वह्या घेऊन बाजूला उभी राहायची आणि आमची वरात जाऊ द्यायची. ती मध्येच थांबून म्हणायची, "मारून टाकतं का वं मले?" मी शिट्टी वाजवायचे. माघ सरला, शिमगा झाला, आणि चैत्रात ती दुधाची पिशवी आणायला स्वतः खाली उतरायला लागली. मी माझ्या कितीतरी मुली राज्य पातळीवर धाडल्या आहेत, पण त्या पिशवीचा मला जास्त अभिमान आहे.

मग आंबे आले. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला पितरांना रस दाखवल्याशिवाय आंबा तोंडाला लावत नाहीत, त्यामुळे तोपर्यंत मी निर्धास्त होते. त्यानंतर मात्र सत्त्वपरीक्षा सुरू झाली. शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, झाडाचे गावरानी आंबे भावानं पोत्यात तणस घालून पाठवले. सगळं घर घमघमायला लागलं. मी ते क्लासच्या पोरांना वाटले. भावाला हे कळलं तेव्हा त्यानं फोनवर विचारलं, "काहून वं, डायबेटीस झाला का तुले?" कोपऱ्यावरच्या आंबेवाल्या चाचांनी दोन-तीन दिवस आम्हाला गाडीपुढून मान फिरवून जाताना पाहिलं आणि शेवटी हटकलंच, "क्या बाई, हमसे कोई खता हुई?" मी म्हटलं, नाही चाचा, दोघींनी सोडलाय. त्यांनी मैत्रिणीच्या काठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मन्नत है. समझ गया. पूरी हो तो पहला आम इसी गाड़ी का." आणि त्यांनी आंब्यांवर कापड ओढलं. आम्ही दिसलो की पुढेही ते तेवढं करायचे.

मुलगा पुण्याहून आला आणि सामान बांधायला लागला. जायच्या आदल्या आठवड्यात आम्ही मुक्तागिरीला निघालो. गाडी माझी, चालवायला मी, पुढे ती, मागे मुलगा. वलगाव गेलं, आसेगाव गेलं, परतवाडा मागे पडला तेव्हा कुठे तांबडं फुटत होतं. समोर सातपुडा असा उभा राहिला की मुलानंसुद्धा मोबाईल खाली ठेवला. ती रात्रीपासून पाण्याचा थेंब न घेतलेली. दर्शन होईपर्यंत घेणार नव्हती. मी त्यावर वाद घातला, हरले, आणि बाटली डिकीत टाकली.

वाटेत तिनं आम्हाला मेंढ्याची गोष्ट सांगितली. मला ती शाळेपासून पाठ आहे, पण तिला सांगायची होती. या डोंगरावर एक मुनी ध्यानाला बसले होते. वरून एक मेंढा पाय घसरून त्यांच्या पुढ्यात पडला. मुनींनी त्याच्या कानात णमोकार मंत्र सांगितला, मेंढा शांतपणे गेला आणि देव झाला. मग त्यानं तिथे येऊन मोत्यांचा पाऊस पाडला. म्हणून या डोंगराला मेंढागिरी म्हणतात, अन् मोत्यांमुळे मुक्तागिरी.

"मेंढा कावून पडला पण?" मी विचारलं.

"उतरतानी पाहून नसन राहिला खाली. तुह्यासारखाच असन." ती हसली आणि मीही हसले.

पायथ्याशी धर्मशाळा, भोजनशाळा, आणि मान वर केली की कड्याच्या कुशीत पांढऱ्या शिखरांची दाटी. बावन्न मंदिरं आहेत म्हणतात. पावसाळ्यात त्यांच्या मधोमध धबधबा कोसळतो आणि फोटो काढणाऱ्यांची झुंबड उडते. वैशाखात काळ्या कातळावर त्याचा नुसता पांढुरका माग दिसत होता. मला हे रूप आवडतं. सागाची पानं गळून डोंगराची हाडं दिसतात, हवा कोरडी असते, आणि वानरांशिवाय कुणी मध्येमध्ये करत नाही. तिनं चपला गाडीत काढल्या, तिची रीतच होती ती. मी बूट घालून निघाले होते, पण तिचे उघडे पाय पाहिले आणि माझेही बूट काढून ठेवले. नियम सारखा तर पायही सारखे.

पहिला टप्पा झकास गेला. ती काठी टेकत, कठड्याला हात न लावता, एकेक पायरी मन लावून चढत होती. मी एक पायरी मागे. तेवढ्यात मला कुरकुर ऐकू आली. मागे वळून पाहिलं तर डोली. बांबूंना बांधलेली खुर्ची घेऊन खालच्या गावातले चौघं आमच्या मागोमाग येत होते, आम्ही थांबलो की थांबत होते.

मुलानं नजर चुकवली. "असू दे मावशी. लागली तर लागली."

मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. पण डोली मागेच राहिली. आणि मागे रिकामी खुर्ची चालत असली की माणूस नसलेला थकवाही शोधून काढतो. दर वळणावर ती कुरकुर, दर वळणावर तिची मान किंचित मागे. अर्ध्यावर एक ओटा आहे, तिथे ती बसली. चेहरा उतरलेला, ओठ कोरडे. उजवा गुडघा वाकेना म्हणाली. मुलगा खाली बसून तिचा पाय चोळायला लागला आणि हळूच म्हणाला, "आई, खूप झालं गं. देवाला कळतं सगळं. बस ना आता डोलीत."

 तिनं खुर्चीकडे पाहिलं. एकदा नाही, दोनदा पाहिलं, आणि दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा तिचे खांदे खाली आले.  गच्चीपर्यंतचा जिना, दुधाची पिशवी, भावाकडे गेलेल्या बरण्या, सगळं त्या खुर्चीत बसून खाली उतरणार होतं, आणि पुढच्या आठवड्यात ती पेशंट म्हणून गाडीत बसणार होती.

मला भीती वाटली की मी ओरडते. पर्समधून शिट्टी काढली आणि अशी फुंकली की वरची वानरं झाडंच्या झाडं हलवत पळाली. "न्या थे खुर्ची खाली! आत्ताच्या आत्ता!" असं म्हणत मी पायऱ्या उतरत डोलीवाल्यांच्या अंगावर निघाले. दोन दोन पायऱ्या एकदम, तरुण असल्यासारखी. सागाची वाळकी पानं पडलेली होती, पाय उघडे होते, आणि नजर पायाखाली नव्हती, खुर्चीवर होती. घोटा मुडपला तो मला आधी ऐकू आला आणि मग दुखला. मी बसल्या बसल्या तीन-चार पायऱ्या खाली गेले आणि बरोब्बर डोलीच्या पुढ्यात जाऊन थांबले.

 डोलीवाल्यांना हसू येत होतं आणि ते मोठ्या कष्टानं दाबत होते. मी उठायला गेले आणि पुन्हा बसले. मुलगा धावत आला. मी त्याला दूर लोटलं, काही झालं नाही म्हणून सांगितलं आणि परत उठायला गेले. पाय जमिनीवर ठेववेना.

मग मला काठीचा आवाज आला. ती ओट्यावरून उठली होती आणि उतरत होती. वाकत नसलेला गुडघा वाकवत, कुणाचा हात न धरता, एकेक पायरी. माझ्याजवळ आली, खालच्या पायरीवर टेकली, माझं डोकं हातात धरलं आणि तोंड कानापाशी आणून पुटपुटायला लागली. णमोकार मंत्र! सगळा म्हटला, शेवटपर्यंत, अगदी गंभीर चेहऱ्यानं. मग म्हणाली, "झालं. आता तू देव होशीन. मोती पाडजो."

आणि ती हसायला लागली. काठी बाजूला ठेवून, पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग डोलीवाले हसले, मुलगा हसला. मी चिडले होते, पण हसणाऱ्या माणसाचे खांदे खाली पडत नाहीत, हे मी त्याही अवस्थेत पाहून घेतलं.

मी म्हटलं, "मले खाली घेऊन जातीन हे. तू चढ."

"तू खाली गेली तं हा पोट्टा मलेबी खाली नेईन," ती म्हणाली. "तू बस डोलीत. वर चाल."

"मी? डोलीत?"

"मंग काय करतं, शिट्टी वाजवतं?"

तिचं खरं होतं. मुलाचं तोंड पाहूनच कळत होतं की दोघींना खाली न्यायला त्याला एवढं निमित्त पुरे होतं. मी वर गेले तरच तीही वर जाणार होती. आयुष्यात कधी सायकलच्या कॅरिअरवरसुद्धा न बसलेली मी, चौघांच्या खांद्यावरच्या खुर्चीत बसले. तिच्या साडीचा जुना फडका घोट्याला बांधला आणि निघालो. आता पुढे ती, मागे डोली, आणि डोलीत मी. ती मध्ये मध्ये थांबायची, मागे वळून पाहायची, मला तशी बसलेली पाहिली की तिला पुन्हा हसू फुटायचं आणि पुन्हा पाय उचलायचा. खुर्ची तीच, कुरकुर तीच, पण आता ती तिला ओढत नव्हती. मी वरून सूचना द्यायला सुरुवात केली, तर म्हणाली, "प्रवाशानं बोलू नाई."

शेवटच्या वळणावर तिचा पाय खरोखरच अडला. मुलानं हात पुढे केला. तिनं त्या हाताकडे पाहिलं, कठड्याकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे.  मी शिट्टी मुठीत गच्च धरून ठेवली. तिनं काठी वरच्या पायरीवर रोवली, डोळे मिटले, पुटपुटली आणि चढली. मग पुढची. मग त्याच्या पुढची. वर पोचल्यावर तिनं मागे वळून पाहिलं नाही, सरळ गुहेतल्या मंदिरात गेली.

माझी खुर्ची सावलीत उतरवली. दारातून मला ती पाठमोरी दिसत होती, मूर्तीपुढे, आधी उभी आणि मग हळूहळू, अगदी हळूहळू, खाली बसलेली. डॉक्टरांनी जमिनीवर बसायला मनाई केली होती. मुलगा दारापाशी उभा होता. तो आत धावला नाही. तिथेच कठड्याला टेकून तो रडत होता आणि चष्मा पुसत होता. पहिल्यांदाच मला तो पोरगा आवडला.

ती बाहेर आली, ओंजळीनं पाणी प्यायली आणि खाली दिसणाऱ्या वऱ्हाडाकडे बघत उभी राहिली. उन्हात सगळं काळंपिवळं सपाट पसरलेलं. "म्या आली," एवढंच म्हणाली. मला फार आनंद झाला. पाय टमटमून सुजला होता, आणि तरी झाला.

खाली उतरल्यावर मुलाला मला थेट दवाखान्यात न्यायचं होतं. मी म्हटलं, पाय कुठे पळून जात नाही, आधी हिचं पारणं. भोजनशाळेत त्या दिवशी रस होता. वाढपी रसाची बादली घेऊन आला. तिच्या पानात वाटी भरली. माझ्यापुढे आला तेव्हा मी वाटी उपडी केली.

"कावून?" मैत्रिणीनं विचारलं.

"स्वतःच्या पायानं, म्हटलं होतं. मी खुर्चीत बसून गेली."

मुलगा म्हणाला, "मावशी, असं काय! तुम्ही तर केव्हाही चढल्या असत्या."

"असत्या अन् चढल्या यात फरक हाय बाबू," मी म्हटलं. मुलींना रेषेवर परत पाठवणारी मीच होते.

 मैत्रिणीनं हात जोडले आणि रस खाल्ला. सगळी वाटी, बोटानं पुसून, डोळे मिटून. नियम पुरा झाला की पारणं मनापासून करावं लागतं. वाढपी पुन्हा आला तेव्हा तिनं आपली वाटी उचलली, माझ्या वाटीशेजारी उपडी ठेवली आणि उघड्या दारातून दिसणाऱ्या डोंगराकडे तोंड केलं.

"ही स्वतःच्या पायानं मुक्तागिरी चढेस्तोवर आंबा नाही," ती म्हणाली. "अन् म्या हिच्यासंगं असन."

"आई!" मुलाचा घास हातातच राहिला. "आपण रविवारी निघतोय. हापूसच्या पेट्या सांगून ठेवल्यात घरी."

"निघू नं. म्या कुठे नाई म्हणते? हिचा पाय बरा झाला की येईन परत. तू तिकीट काढून देजो, म्या एकटी येईन. आता मले येते चढता."

मुलानं घास पानात ठेवला.  आत्ताच डोंगर चढून आलेल्या बाईला रेल्वेत चढता येणार नाही असं कुठल्या तोंडानं सांगायचं? मला रडू आलं. मी सहसा रडत नाही. त्या दिवशी रडले, आणि सगळ्यांना सांगितलं की पाय दुखतोय.

घोट्याच्या हाडाला चीर होती. प्लास्टर लागलं. रविवारी ती गेली, जिन्यावरून स्वतः उतरून, आणि मी दुसऱ्या मजल्याच्या दारात खुर्चीवर बसून तिला निरोप दिला. चाचांनी पहिला आंबा बाजूला काढून ठेवला होता, त्यांना मी निरोप पाठवला की मन्नत वाढली आहे. वरच्या दाराला कुलूप लागलं. ते मला दिसत नव्हतं, कारण मला वर जाता येत नव्हतं. पण ते आहे हे मला माहीत होतं.

तिची सून फोनवर तक्रार करते, मावशी, घरात पेट्या पडल्यात आणि आई बोट लावत नाहीत, तुम्ही तरी सांगा. मी सांगत नाही. मीही लोणच्यावाचून जेवते आहे.

काल प्लास्टर निघालं. घरी आल्या आल्या मी तिला फोन लावला. 

ती म्हणाली, "उद्यापासून जिना. कठड्याले हात लावू नको."